मला तिकडे जायचं नाही

(दृश्य: दाराशी थांबलेलं मूल. मोठ्यांची निघायची घाई.)

"मला त्यांच्याकडे जायचं नाही." मूल एवढंच म्हणतं. आपण घाईत असतो. "नाटकं करू नकोस," म्हणतो आणि त्याचा हात धरून चालू लागतो. भीतीबद्दल बोलायचा तो त्याचा पहिला प्रयत्न असू शकतो.

मुलं सगळं एका दमात सांगत नाहीत. एखादा तुकडा सांगून ती समोरच्याचा चेहरा बघतात. कधी "माझ्या मित्राला असं झालं तर?" असं विचारतात. कधी शब्दच नसतात. पोट दुखतं, झोप मोडते, बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू होतं. यामागे दर वेळी छळच असतो असं नाही, पण मायेनं विचारपूस करायला एवढं कारण पुरे.

त्रास देणारा माणूस बहुतेकदा ओळखीचा असतो. मुलाला तो आवडतही असतो. आपण बोललो तर घर मोडेल, आपल्यालाच रागावतील, हे ओझं ते एकटं वाहतं. १९८३ साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रोलंड समिट यांनी लैंगिक अत्याचार सोसणाऱ्या मुलांबद्दल लिहिलं, की ती उशिरा सांगतात, अडखळत सांगतात आणि कधी सांगितलेलं मागेही घेतात. त्यांच्या मांडणीवर पुढे वाद झाले. पण मुलं उशिरा सांगतात, हे नंतरच्या अभ्यासांतही दिसत राहिलं. म्हणून "आधी का नाही सांगितलंस?" हा प्रश्न क्रूर आहे, विचारणाऱ्याच्या मनात कितीही माया असली तरी.

मुलांना बोलायला शिकवा, असं सगळेच म्हणतात. आम्हाला वाटतं, आधी मोठ्यांनी ऐकायला शिकावं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं बारावं कलम मुलाला मत मांडायचा हक्क देतं, आणि त्या मताला वजन मिळेल हे पाहायला सरकारांना बांधून घेतं.

(दृश्य: एक बाई मुलाशेजारी जमिनीवर बसते. फोन बाजूला ठेवते.)

मूल बोलू लागलं की आपला संताप आवरायचा. तो पाहून मुलाला वाटतं, हे माझ्यावरच चिडले. "बरं झालं सांगितलंस. माझा तुझ्यावर विश्वास आहे. यात तुझी काही चूक नाही." मग "काय झालं, सांगशील?" आणि नंतर फक्त "मग?" उत्तर तोंडात घालणारे प्रश्न नकोत. कॅलिफोर्नियातल्या मॅकमार्टिन बालवाडीत मुलांचा लैंगिक छळ झाल्याचे आरोप झाले. त्या प्रकरणात मुलांना सुचवणारे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले. खटला वर्षानुवर्षं चालला आणि १९९० मध्ये एकही दोषसिद्धी न होता संपला. अशा प्रकरणांनंतर मुलांशी खुल्या प्रश्नांनी बोलायच्या पद्धती आखल्या गेल्या.

"कोणाला सांगणार नाहीस ना?" असं मूल विचारतंच. इथे खोटं वचन देऊ नये. "तुला सुरक्षित ठेवू शकतील अशाच माणसांना सांगेन, आणि आधी तुला कळवीन," असं म्हणावं. ज्याच्यावर संशय आहे त्याला स्वतः जाब विचारायला जाऊ नये, मुलाला त्याच्यासोबत एकटं सोडू नये, आणि बालसंरक्षण यंत्रणेकडे किंवा पोलिसांकडे लगेच जावं.

(दृश्य: अंधारात मोबाईलच्या उजेडात एका मुलीचा चेहरा.)

किशोरवयीन मुलं बऱ्याचदा आधी मित्रमैत्रिणींना सांगतात. खाजगी फोटो पसरवायची धमकी आली, तर आईवडिलांपर्यंत गोष्ट पोचतच नाही, कारण मोबाईल काढून घेतील ही धास्ती असते. "मोबाईल काढून घेणार नाही" हे त्यांना आधीच, काही घडण्यापूर्वी सांगून ठेवावं. पैसे द्यायचे नाहीत, मेसेज पुसायचे नाहीत, पुरावा जपून त्या माणसाला ब्लॉक करायचं. असे फोटो इंटरनेटवरून हटवायला मदत करणारी 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा अठरा वर्षांखालच्यांसाठी आहे. तिच्यात फोटो आपल्याच मोबाईलवर राहतो. फक्त त्याची डिजिटल खूण पाठवली जाते. त्या खुणेवरून सहभागी संकेतस्थळं तो फोटो शोधून हटवू शकतात.

आणि काही मुलांना पहिलं माणूस झिडकारतं. "काहीतरीच काय बोलतोस!" त्यांना आजच सांगून ठेवायला हवं: दुसऱ्याला सांग. त्यानं ऐकलं नाही तर तिसऱ्याला सांग. मुलासोबत बसून विश्वासातल्या मोठ्यांची नावं काढा. निवड त्याची असू द्या. त्यात एक तरी नाव घराबाहेरचं हवं, कारण धोका घरातही असू शकतो.