वाचलं सगळं, राहिलं काय?

[दृश्य: ठाण्यातली अभ्यासिका. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं, पानोपानी हायलायटरच्या पिवळ्या रेघा.]

तेच पान दुसऱ्यांदा वाचताना डोळे भराभर पुढे सरकतात. कुठे अडत नाही, म्हणजे झालं पाठ, असं वाटतं. ही खात्री फार लबाड असते.

2008 साली मॅथ्यू ऱ्होड्स आणि ॲलन कॅस्टेल या मानसशास्त्रज्ञांनी लोकांना काही शब्द मोठ्या टायपात दाखवले, काही लहान टायपात. मोठे शब्द जास्त लक्षात राहतील, असा लोकांचा अंदाज होता. प्रत्यक्षात जवळपास सारखेच राहिले.

[दृश्य: नेरूळ, डी. वाय. पाटील स्टेडियम.]

मग लक्षात राहतं कशामुळे? नेरूळला चला. 2 नोव्हेंबर 2025, महिला विश्वचषकाचा अंतिम सामना. हे वाक्य ऐका: 'दीप्तीच्या चेंडूवर वोलवार्डनं फटका उंच मारला, अमनजोतच्या हातून चेंडू दोनदा उडाला, पण तिनं तो अखेर पकडलाच.' क्रिकेट न कळणाऱ्याला ही तीन नावं आणि एक चेंडू. कळणाऱ्याला माहीत असतं की शतक ठोकलेली दक्षिण आफ्रिकेची कर्णधार गेली, आता सामना आपला. त्याला ते घोकावं लागत नाही. आज विचारा, हातवारे करून सांगेल.

1988 मध्ये अमेरिकेत डोना रेक्ट आणि लॉरेन लेस्ली यांनी हेच बेसबॉलवर तपासलं. सातवी-आठवीच्या 64 मुलांनी सामन्याचं वर्णन वाचलं आणि मग मैदानाच्या प्रतिकृतीवर खेळाडू हलवून ते सांगितलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात हुशार पण खेळ न जाणणाऱ्यांच्या पुढे गेली. वाचनात 'ढ' ठरवलेल्या मुलांबद्दल आपण फार घाईनं बोलतो, नाही का?

[दृश्य: पुन्हा अभ्यासिका. गाईडची पानं.]

पण माहिती नुसती असून भागत नाही, ती वेळेवर जागी व्हावी लागते. 1972 साली ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन यांनी एक उतारा ऐकवला: आधी वस्तूंचे ढीग करा, एका वेळी फार घेऊ नका... सगळे शब्द सोपे, तरी डोक्यात काही शिरेना. विषय होता कपडे धुणं! तो आधी सांगितला, त्यांना उतारा बराच आठवला. ऐकून झाल्यावर सांगितला, त्यांना काही उपयोग झाला नाही.

आणि आपली गाईडं? प्रस्तावना गाळून थेट 'महत्त्वाचे मुद्दे'!