हेरोकूवर 'ॲप्लिकेशन एरर' आली? आधी पोर्ट बघा

नमस्कार मंडळी. हेरोकू म्हणजे आपलं वेब ॲप इंटरनेटवर चालवून देणारी सेवा. समजा फ्लास्कमधलं, म्हणजे पायथॉनच्या वेब फ्रेमवर्कमधलं, छोटंसं ॲप आहे, लॅपटॉपवर झकास चालतंय. 'गिट पुश हेरोकू मेन' करून कोड हेरोकूकडे पाठवला, बिल्डही पार पडला, आणि ब्राउझर उघडला तर समोर 'ॲप्लिकेशन एरर'. बरेच जण घाईघाईत परत पुश करतात. कोडमध्ये काही बदललंच नाही, तर गिट नुसतं 'एव्हरीथिंग अप टू डेट' म्हणून मोकळं होतं. त्याऐवजी टर्मिनलमध्ये 'हेरोकू लॉग्ज' लिहा, पुढे दोन डॅश देऊन 'टेल'.

[स्क्रीनवर: लॉग]

ही ओळ वाचा. 'एरर आर-टेन, बूट टाइमआउट.' पुढे लिहिलंय की वेब प्रोसेसने ६० सेकंदांत पोर्ट, म्हणजे रिक्वेस्ट आत यायचा ठरावीक नंबरचा दरवाजा, धरला नाही. आता हिच्या वरची ओळ बघा. फ्लास्क सांगतोय, मी चालू आहे, १२७.०.०.१ वर, पोर्ट ५०००. म्हणजे ॲप पडलेलं नाही, भलत्याच ठिकाणी वाट बघत बसलंय!

यात दोन भानगडी आहेत. कोणत्या पोर्टवर ऐकायचं हे हेरोकू ठरवतो, आणि तो आकडा 'पोर्ट' नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये, म्हणजे कोडबाहेरच्या सेटिंगमध्ये, ठेवतो. दर वेळी डायनो, म्हणजे हेरोकूवर आपलं ॲप चालवणारा कंटेनर, उठला की आकडा वेगळा असू शकतो, त्यामुळे कोडमध्ये ५००० लिहून चालत नाही. दुसरं, १२७.०.०.१ म्हणजे फक्त त्या मशीनच्या आतलं. बाहेरची रिक्वेस्ट यायची असेल तर ०.०.०.० वर ऐकावं लागतं.

फ्लास्कवाल्यांना सोपा उपाय म्हणजे गनिकॉर्न, पायथॉन ॲप चालवणारा सर्व्हर. रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये तो घाला आणि प्रोजेक्टच्या मुळाशी 'प्रॉकफाइल' बनवा, ॲप कसं सुरू करायचं ते हेरोकूला सांगणारी फाइल. आत एकच ओळ: 'वेब', कोलन, मग 'गनिकॉर्न ॲप:ॲप'. यातला पहिला 'ॲप' म्हणजे तुमच्या पायथॉन फाइलचं नाव, दुसरा आतल्या व्हेरिएबलचं. पोर्ट व्हेरिएबल दिसला की गनिकॉर्न आपणहून ०.०.०.० वर तोच पोर्ट धरतो, वेगळं सांगावं लागत नाही. प्रॉकफाइलला एक्स्टेन्शन नसतं बरं का. विंडोजवर नोटपॅड गुपचूप मागे 'डॉट टीएक्सटी' चिकटवतो, आणि मग वेब प्रोसेस सुरूच होत नाही. नोडवाल्यांनी, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये सर्व्हर लिहिणाऱ्यांनी, 'प्रोसेस डॉट ईएनव्ही डॉट पोर्ट' वाचायचं, झालं.

आता ॲप उघडलं. खुशीत चार जणांना लिंक पाठवली, त्यांनी नावं नोंदवली, फोटो चढवले. दुसऱ्या दिवशी बघता तर सगळं साफ.

डायनोची डिस्क म्हणजे लॉजची खोली. चेकआउट झालं की कपाटात काय राहिलं ते कोणी विचारत नाही. डायनो साधारण दिवसातून एकदा आपणहून रीस्टार्ट होतो. नवा डिप्लॉय केला तरी होतो, कॉन्फिग बदललं तरी होतो. दर वेळी डिस्क कोरी. म्हणून एसक्यूलाइटची, म्हणजे अख्खा डेटाबेस एका फाइलीत ठेवणारी, फाइल इथे ठेवायचीच नाही. पोस्टग्रेस या डेटाबेसचं ॲड-ऑन जोडा. त्याचा पत्ता 'डेटाबेस यूआरएल' या व्हेरिएबलमध्ये आपोआप येतो. फोटो ॲमेझॉनच्या एस-थ्रीसारख्या स्टोरेजवर पाठवा. पासवर्ड आणि कीज कोडमध्ये ठेवू नका, 'हेरोकू कॉन्फिग सेट'ने द्या.

पैशांचं सांगतो, कारण जुने व्हिडिओ बघून लोक फुकटच्या आशेने येतात. फुकट डायनो २८ नोव्हेंबर २०२२ पासून बंद झाले. आता सगळ्यात स्वस्त डायनो इको, महिन्याला ५ डॉलर, त्यात १००० तास, आणि ते तुमच्या सगळ्या इको ॲप्समध्ये मिळून. अर्धा तास कोणी फिरकलं नाही तर तो झोपतो, मग पुढच्या माणसाला पहिलं पान उघडायला ताटकळावं लागतं. क्लायंटला दाखवायचं असेल तर माझं मत, ७ डॉलरचा बेसिक घ्या, तो झोपत नाही. पोस्टग्रेसचे पैसे वेगळे.

जाता जाता रीजन, म्हणजे ॲप जगात कुठे चालतं ते. काही न सांगता ॲप बनवलं तर ते अमेरिकेत बसतं. दुसरा पर्याय युरोप. मुंबईही आहे, पण ती प्रायव्हेट स्पेसेसवाल्यांसाठी, म्हणजे स्वतःचं वेगळं नेटवर्क घेणाऱ्यांसाठी, आणि ते मोठ्या कंपन्यांचं काम. तेव्हा पुण्यात बसून पान किंचित उशिरा उघडलं तर लगेच कोडला दोष देऊ नका. डेटाबेस मात्र ॲपच्याच रीजनमध्ये ठेवा, नाहीतर एका पानातल्या वीस क्वेऱ्या वीस वेळा समुद्र ओलांडतील.