मलावीतल्या आजीसाठी बेळगावातून पैसे: कसे जमवायचे, कसे पाठवायचे

नमस्कार मंडळी. हा डबा बघा. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकणावर चिकटपट्टी आणि तिच्यावर स्केच पेननं लिहिलंय, ‘आगोगो’. मलावीत चिचेवा भाषेत आगोगो म्हणजे आजी. आजोबांनाही तेच म्हणतात. बेळगावातल्या अनगोळच्या आमच्या गल्लीत दहा घरांत असे डबे आहेत.

मलावी हा आफ्रिकेतला अतिशय गरीब देश. एड्सच्या साथीत तिथं कितीतरी कुटुंबांतली कमावती माणसं गेली आणि पोरं मागं राहिली. पण ती राहतात कुठं? आपण ‘अनाथ’ म्हटलं की आश्रमाची इमारत डोळ्यांपुढं येते. युनिसेफच्या हिशेबात आई-वडिलांपैकी एकजण जरी गेलं तरी मूल अनाथ धरतात. म्हणजे पुष्कळांची आई किंवा वडील हयात असतात, आणि दोघंही गेलेली बहुतेक मुलं आजीकडं, मावशीकडं वाढतात. आपल्या खानापूर-निपाणीकडं आजोळी राहून शिकतात की, तशीच.

हे मला आधी ठाऊक नव्हतं. काही वर्षांपूर्वी एका रडणाऱ्या मुलाचा फोटो बघून मी परदेशातल्या एका आश्रमाला पैसे दिले. हिशेब विचारला तर दुसऱ्या रडणाऱ्या मुलाचा फोटो आला. फार वाईट वाटलं. पैशापेक्षा त्या पोरांचं वाटलं. त्यांना विचारलं असेल का कुणी, तुझा फोटो बेळगावला पाठवू का म्हणून?

आश्रमाच्या इमारतीला पैसे देताना आणखी एक गोष्ट घडते. तिथं जेवण आणि शाळा मिळते म्हटल्यावर गरीब आजी काळजावर दगड ठेवून नातवंडाला तिथं सोडून येते. जे पैसे तिच्या घरी पोहोचले असते तर मूल तिच्याजवळ राहिलं असतं, त्याच पैशांनी मूल तिच्यापासून तुटतं. म्हणून आम्ही ठरवलं, भिंतींना पैसे द्यायचे नाहीत.

मग द्यायचे कशाला? मलावीत 1994 साली प्राथमिक शाळेची फी रद्द झाली. पटावरची मुलं 19 लाखांच्या आसपास होती, ती एकाच वर्षात 30 लाखांच्या घरात गेली. वर्ग पुरेनात, झाडाखाली शाळा भरू लागली. फी गेली, पण वह्या, पेन, गणवेश, साबण हा खर्च घरावरच राहिला. शेतावर राबणाऱ्या आजीला तोच जड जातो.

दुसरी गोष्ट भुकेची. तिथं मका हेच मुख्य अन्न. नवं पीक यायच्या आधी, साधारण जानेवारी ते मार्च, घरातला मका संपत येतो. उपाशी पोर शाळेत बसेल कसं? 2002 साली मेरीज मील्स या संस्थेनं मलावीत 200 मुलांपासून सुरुवात केली: शाळेत आल्यावर मका-सोयाबीनच्या पिठाची लापशी, मगभर. त्याच सुमाराला आपल्या कर्नाटकात ‘अक्षर दासोह’, म्हणजे शाळेतलं दुपारचं जेवण, सुरू झालं. गरम भाताच्या वासानं पोरं शाळेत टिकतात हे आपल्या अंगणवाडीताईंना आणि मास्तरांना वेगळं सांगायला नको.

आता पैशांचं, नीट ऐका. गणपतीच्या वर्गणीसारखं पावतीपुस्तक घेऊन दारोदार फिरू नका आणि सगळ्यांचे पैसे एकाच्या खात्यातून बाहेर पाठवू नका. रिझर्व्ह बँकेची ‘एलआरएस’ नावाची योजना आहे. तिच्यात प्रत्येक माणूस स्वतःच्या खात्यातून, एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत परदेशी पाठवू शकतो, देणगीसुद्धा. पॅन लागतं आणि ‘ए-टू’ फॉर्म भरावा लागतो. त्यात पैसे कशासाठी पाठवताय ते खरं लिहा. परदेशी संस्थेला दिलेल्या देणगीवर आयकरात सवलत मिळत नाही. तुमचा ट्रस्ट असेल तर आधी सीएला विचारा, कारण भारताबाहेर केलेल्या खर्चावर करमाफी हवी तर सीबीडीटीची, म्हणजे केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची, परवानगी लागते.

म्हणून आमचे डबे घरोघरी वेगळे. भिशीसारखी दर महिन्याला आठवण करून द्यायची आणि मार्चच्या पहिल्या आठवड्यात ज्यानं त्यानं आपला डबा फोडून आपल्या खात्यातून पाठवायचं. वर्षातून एकदाच, कारण दर वेळी बँकेचं कमिशन जातं.

“आपल्या जंगलातल्या वाड्यांवरची पोरं काय कमी आहेत काय?” असं माझ्या मावशीनं तोंडावर विचारलं. बरोबर विचारलं. आई-वडील नसलेलं मूल नातेवाइकांकडं असेल तर मिशन वात्सल्य या सरकारी योजनेतून महिन्याला 4,000 रुपये मिळू शकतात. जिल्हा बाल संरक्षण कक्षात अर्ज करायचा. आमच्यातल्या दोघीजणी तेच करतात: आजींचे कागद गोळा करतात, कन्नडमधले फॉर्म भरून देतात. डब्यात रक्कम अगदीच थोडी जमली तर तीही इथंच वह्यांना जाते. दोन्ही कामं शेजारी शेजारी चालतात.

माझी आत्तेबहीण मलावीच्या राजधानीत, लिलाँग्वेला राहते. आम्ही पैसे पाठवतो ती शाळा तिनं स्वतः जाऊन बघितलेली आहे. पैसे शाळेच्या खात्यात जातात. आम्ही मागतो ती खरेदीची पावती. फोटो मागत नाही. यंदा हेडमास्तरांनी पावतीबरोबर आपण होऊन वहीचं एक पान पाठवलं, नाव बोटानं झाकलेलं. तीन अंकी बेरीज. हातचा एक वर बारीक लिहिलेला, एकदा खोडून परत लिहिलेला. उत्तर बरोबर होतं.