पेटी, गिटार आणि मंडळीचा गळा

जय ख्रिस्त. पत्रिकेत विषय छापलाय ‘परंपरा, नवी सेवापद्धती आणि पाळक’. पाळक म्हणजे चर्चचे धर्मगुरू; त्या विषयावर येणारच आहे. पण सुरुवात पट्टीपासून करतो, म्हणजे गाण्याचा सा कुठे धरायचा तिथून. पेटी की गिटार म्हणून मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये उपासनेला जमणाऱ्या लोकांत, जे वाद पेटतात, त्यातले निम्मे वाद्यांचे नसतातच, पट्टीचे असतात.

आधी ‘जुनं’ म्हणजे काय ते बघू. पेटी-तबल्यावरचं भजन ही आपली परंपरा, असं आजी-आजोबा सांगतात आणि ते खरंच आहे. पण तीही कधीतरी नवीच होती. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक अभंग आणि कीर्तन घेऊन मंडळीत आले, तेव्हा इंग्रजी चालींवर बसवलेल्या भाषांतरित गीतांचा मोठा पगडा होता. त्या चालींत मराठीचं ऱ्हस्व अक्षर लांब सुरावर ताणावं लागतं आणि शब्द मोडतो; आजही गाताना ते जाणवतं. टिळकांच्या पदांत मराठी मोकळा श्वास घेते. १९१७ मध्ये तर मिशनचं काम सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ मांडला, आणि त्यात बाप्तिस्मा झालेले व न झालेले, दोघांनाही जागा होती. एवढं धाडसी पाऊल आज आपल्यातला किती तरुण पाळक टाकेल? आणि त्याच टिळकांची पदं आज ‘उपासना संगीत’ या आपल्या गीतपुस्तकात इंग्रजी चालीच्या गीतांच्या शेजारी आहेत. फादर स्टीफन्स यांचं ओव्यांतलं ‘ख्रिस्तपुराण’ तर १६१६ मध्येच छापून आलं होतं, पण तिकडे वळलो तर संध्याकाळ होईल.

आता पट्टी. मंडळी म्हणजे कसलेले गवई नव्हेत. बायका, पुरुष, मुलं, सकाळची आठची वेळ, गळा अजून उघडलेला नाही. पेटीवर प्रत्येक सप्तकातल्या पट्ट्या डावीकडून मोजतात, पांढऱ्या वेगळ्या, काळ्या वेगळ्या. एवढ्यांना मिळून आरामात गाता येतं ते पेटीच्या डाव्या सप्तकातल्या पांढरी सहापासून उजव्या सप्तकातल्या पांढरी दोनपर्यंत, म्हणजे अकरा पांढऱ्या पट्ट्या. पुरुष आपोआप एक सप्तक खाली गातात. चाल यापेक्षा वर गेली की आधी पुरुष गप्प होतात, मग साठीच्या पुढच्या बायका. समोर माइकवर तरुण जोरात गात असतात, म्हणून ते कुणाच्या ध्यानात येत नाही. घरी जाताना तक्रार मात्र होते ती गिटारच्या गोंगाटाची.

म्हणून गीत ठरलं की त्याचा सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा सूर शोधा. चाल मंद्र पंचमापासून (खालचा प) तार षड्जापर्यंत (वरचा सा) जात असेल तर सा पांढरी दोनला ठेवा, नेमकं बसतं. नवी आराधना गीतं बरेचदा मध्य षड्जावरून तार गंधारापर्यंत (वरचा ग) चढतात. तीही पांढरी दोनला घेतली तर गंधार काळी तीनवर जातो आणि मंडळी गाणं सोडून देते. तिथे सा खालच्या काळी पाचला आणा, गंधार बरोबर पांढरी दोनवर उतरतो. गिटारवाला म्हणेल, काळी पाचला मोकळे कॉर्ड मिळत नाहीत. त्याला गिटारच्या तिसऱ्या पडद्यावर केपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावू द्या आणि ‘जी’चे आकार धरू द्या. सूर काळी पाचचाच निघतो, बोटं त्याच्या सवयीची राहतात.

तबल्याची अडचण वेगळी. हातोडीने तो एखाद-दोन सूर वरखाली होतो, त्यापुढे ओढला तर पुडी, म्हणजे वरचं कातडं, जाते. म्हणून एका उपासनेत जवळजवळच्या दोन पट्ट्या पुरे. शिवाय चर्चमधली जुनी पेटी पुष्कळदा ४४० हर्ट्झच्या, म्हणजे कीबोर्डच्या ठरलेल्या, सुरावर नसते, जरा चढी असते. सोबत कीबोर्ड वाजला की सूर थरथरतो. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, नुसतं डोकं दुखतं. पेटीचा सूर हलवता येत नाही, कीबोर्डचा येतो. त्याच्या ट्यूनिंगमध्ये एकेक पायरी चढवत जा, थरथर थांबली की थांबा.

गीतांचे शब्द दाखवतो त्या स्क्रीनबद्दल थोडक्यात. अभंगाचा चरण मध्येच तोडू नका. एका स्लाइडवर चारच ओळी, आणि ओळ संपायच्या एक शब्द आधी बटण. इंग्रजी माध्यमाच्या मुलांना देवनागरी भरभर वाचता येत नाही, त्यांच्यासाठी खाली रोमन ओळ द्या. कोपऱ्यात पुस्तकातला गीत क्रमांक हवाच, म्हणजे ज्यांच्या हातात पुस्तक आहे त्यांना ते मिटावं लागत नाही.

चिठ्ठी आलीये, सात मिनिटं उरलीत. तर पाळकाचं काम.

आठची उपासना ज्येष्ठांची, साडेदहाची तरुणांची, अशी वाटणी करू नका. सुरुवातीला सगळे खूश असतात. काही वर्षांत एका रजिस्टरात दोन मंडळ्या होतात, आणि अंत्यविधीला शेजारी उभ्या माणसाचं नाव ठाऊक नसतं. नाशिकच्या आपल्या शरणपूर मिशन वसाहतीने गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकन मुलांना घर दिलं, शिकवलं; त्यातला जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेचा शोध घेणाऱ्या लिव्हिंगस्टनच्या पार्थिवासोबत इंग्लंडला पोचला. परक्याला आत घेतलेल्या या ठिकाणी स्वतःच्या नातवाला वेगळी वेळ कशाला? २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं, तेव्हा बालबाप्तिस्मा आणि प्रौढांचा बाप्तिस्मा, दोन्ही ठेवले. तिथे जमलं, तर गीतांच्या यादीत जमेल.

पापांगिकार (पापांची कबुली), शास्त्रपाठ, मतांगिकार (विश्वासाची कबुली), प्रभुभोजन, आशीर्वाद हा उपासनेचा सांगाडा हलवू नका. नवं आणायचं ते गीतांत, साक्षीत, मध्यस्थीच्या प्रार्थनेत. एका वेळी एकच बदल, आणि तो सलग बारा रविवार. नवं गीत तोंडात बसायलाच तीन-चार रविवार लागतात; दुसऱ्या रविवारच्या तक्रारीवर ते काढलं तर तरुण पुन्हा काही आणत नाहीत.

गृहसभा, म्हणजे घरी भरणारी प्रार्थनासभा, आठ-दहा घरांची. चालवायला एक ज्येष्ठ आणि एक तरुण, जोडीने. अर्पण दोघांनी मोजून पावतीने चर्चच्या खजिनदाराकडे द्यायचं, आणि बाप्तिस्मा व प्रभुभोजन मंडळीतच. हे सुटलं की गृहसभेचं वेगळं चर्च व्हायला वेळ लागत नाही.

शेवटचं. बदल केला की पास्टरेट कमिटीत, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीत, ठराव करून इतिवृत्तात लिहा. पाळकाची बदली होते, आणि ठराव नसेल तर तीन वर्षांचं काम तिसऱ्या रविवारी बंद पडतं.

पट्ट्यांचा तक्ता बाहेर टेबलावर ठेवलाय. पेटीवाले आणि गिटारवाले, दोघांत मिळून एकच प्रत घ्या.