ताईचे ४ लाख

मित्रहो, गृहकर्जाच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. तिथं समोर बसलेल्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारावाच लागायचा: ‘तुमचा स्वतःचा हिस्सा कुठून येणार?’ बिल्डरची माणसं त्याला ओसीआर म्हणतात, बँकेत मार्जिन म्हणतात, घरात डाऊन पेमेंट. बहुतेक घरांत या रकमेचं उत्तर कुणा ना कुणा माणसाचं नाव असतं. बाबा देतायत, सासऱ्यांनी कबूल केलंय, ताईनं दिले. या ‘दिले’बद्दल मला आज बोलायचंय.

आधी आकडा नीट मांडू, कारण इथंच पहिली फसगत होते. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांपर्यंतच्या कर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत, ३० ते ७५ लाखांच्या कर्जात ८० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ टक्क्यांपर्यंतच पैसे मिळतात. बँक काही वेळा याहून कमी देते, जास्त देऊ शकत नाही. म्हणजे ६० लाखांच्या फ्लॅटला तुमचे १२ लाख. लोक १२ लाखच डोक्यात धरून नातेवाइकांकडे शब्द टाकतात. पण मुद्रांक शुल्क आणि नोंदणी या किमतीत धरत नाहीत, ते पदरचे. पुण्यात ७ टक्क्यांनी ४ लाख २० हजार, नोंदणीचे ३० हजार. साडेसोळा झाले. बांधकाम चालू असेल तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ३ लाख. मग ऐन वेळी धावाधाव होते आणि घाईत घेतलेल्या मदतीचं कुणी काही ठरवत नाही. खरेदी फक्त बाईच्या नावावर असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. नवरा-बायको दोघांचं नाव घातलं की ती मिळत नाही.

दुसऱ्यापुढे हात पसरण्याआधी आपलं काय आहे ते बघा. पीएफमधून घरासाठी पैसे काढता येतात. पूर्वी त्याला पाच वर्षं सदस्यत्व लागायचं. ऑक्टोबर २०२५ मध्ये पीएफच्या विश्वस्त मंडळानं ही अट १२ महिन्यांवर आणायचं आणि खात्यात किमान २५ टक्के शिल्लक राखायचं ठरवलं. हे कर्ज नाही, हप्ता नाही, म्हणून तरुणांना ते फुकटचं वाटतं. ८.२५ टक्के व्याजानं आजचे ५ लाख २५ वर्षांत ३६ लाखांवर जातात. काढू नका असं मी म्हणत नाही. मी स्वतः काढले होते. पण काढताना हा दुसरा आकडाही बायकोला सांगा. केंद्र सरकारी नोकरीत असाल तर घरबांधणी अग्रिम, म्हणजे घरासाठी सरकारकडून मिळणारं कर्ज, विचारा, अनेकांना तो आठवतच नाही.

पर्सनल लोन काढून डाऊन पेमेंट भरू नका. यावर मी टेबलापलीकडच्यांशी भांडलोय. १४ टक्क्यांनी ५ लाख पाच वर्षांसाठी घेतले तर हप्ता साधारण ११,६०० बसतो. बँक तो तुमच्या पगारातून वजा करून गृहकर्जाची पात्रता काढते. साडेआठ टक्के दरानं वीस वर्षांच्या गृहकर्जात तेवढ्याच हप्त्यावर १३ लाखांहून जास्त कर्ज बसलं असतं. ५ लाख मिळवायला १३ लाख घालवले. आणि ‘अ‍ॅग्रीमेंटची किंमत वाढवून दाखवू, म्हणजे तुम्हाला काही भरावंच लागणार नाही’ असं कुणी म्हणालं तर तिथून उठा. ती बँकेची फसवणूक आहे आणि सही तुमची असते.

सरकारी मदतीची अपेक्षा बरोबर ठेवा. प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना व्याजावर अनुदान आहे: घर ३५ लाखांपर्यंतचं, कर्ज २५ लाखांपर्यंत, अनुदान जास्तीत जास्त १ लाख ८० हजार. पण ते पाच वार्षिक हप्त्यांत कर्जखात्यात येतं. डाऊन पेमेंटच्या दिवशी त्याचा उपयोग नाही.

आता माणसांच्या पैशाकडे येतो.

एक जोडपं मुलाबरोबर आलं होतं. काकांनी नायलॉनच्या पिशवीतून मुदत ठेवीची पावती काढली, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली, घडीवर झिजलेली. ‘ही मोडायची, लेकाच्या घराला.’ काकूंनी पिशवीचा बंद धरून ठेवला होता, सोडत नव्हत्या. मी विचारलं, महिन्याचं व्याज कशाला लागतं? काकांनी उत्तर दिलं नाही. काकू म्हणाल्या, ‘औषधं आणि वीजबिल.’ मुलाला हे माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं, त्याचा चेहरा मी पाहिला. त्यानं घर एक खोलीनं लहान घेतलं आणि ठेवीतला तिसरा हिस्साच मोडला.

आईवडिलांचे पैसे घेताना त्यांचं नाव करारनाम्यात घालायचं का, हा प्रश्न त्याच दिवशी विचारायचा. नाव घातलं तर बँक त्यांना सहकर्जदारही करते, ती जबाबदारी समजावून सांगावी लागते. नाव नसेल तर पैसे कुणाचेही असोत, घर ज्याचं नाव त्याचं. हिंदू वारसा कायद्यात मृत्युपत्र न करता मुलगा गेला तर आई पहिल्या वर्गातली वारस असते, वडील नसतात. आयुष्याची पुंजी ज्या बापानं लावली त्याला, मुलामागे त्याची बायको, मुलं किंवा आई असताना, त्या घरात कायद्यानं काही मिळत नाही. हे बोलायला जीभ धजत नाही, मला कळतं. तरी बोला.

प्राप्तिकराचंही एक सांगतो. आईवडील, भाऊबहीण, काका, मामा, आत्या, मावशी, जोडीदाराची भावंडं यांच्याकडून आलेल्या भेटीवर कर नाही. पण चुलतभाऊ, मावसबहीण ही त्या यादीत नाहीत. मित्रही नाही. त्यांच्याकडून वर्षात ५० हजारांहून जास्त भेट आली तर सगळी रक्कम तुमचं उत्पन्न धरली जाते. आणि हातउसने असोत की घराचा इसार, २० हजार किंवा त्याहून जास्त रोखीत घेऊ नका. दंड त्या रकमेइतका होऊ शकतो. बिल्डरनंही नोंदणीकृत करारनामा केल्याशिवाय किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त मागणं रेरा कायद्याला मान्य नाही.

आणि आता ते ४ लाख. एका तरुणाच्या पासबुकात तीन आठवड्यांपूर्वी जमा झालेले ४ लाख दिसले. मी विचारलं, हे कुठले? ‘ताईनं दिले.’ दिले म्हणजे? परत करायचेत? तो म्हणाला, ‘करीन की सवडीनं.’ परत करायचे म्हणजे ते कर्ज. कर्ज म्हटलं की पात्रता कमी होणार आणि फाईल अडकणार. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे मी त्याला एक मसुदा दिला: ही रक्कम मी भावाला प्रेमापोटी भेट दिली आहे, ती परत घ्यायची नाही. दुसऱ्या दिवशी ताई आली, डबा घेऊन थेट कामावर निघालेली. तिनं कागद वाचलाही नाही. ‘कुठं सही?’ एवढंच विचारलं. मी बोट ठेवलं. तिनं सही केली.

काही वर्षांनी तिच्या मुलीच्या शिक्षणाला पैसे लागले. तिनं भावाकडे मागितले. तोवर त्याचं लग्न झालेलं, हप्ता चालू, आणि घरच्या फाईलमध्ये त्या कागदाची झेरॉक्स. ती कुणी काढून दाखवली हे मला माहीत नाही. ताई माझ्याकडे आली तेव्हा एकच विचारलं, ‘साहेब, तुम्हाला तर माहीत होतं ना?’

मला माहीत होतं. प्रश्न मी फाईलसाठी विचारला होता, तिच्यासाठी नाही.

तेव्हापासून मी सांगत आलो: मदत भेट आहे, उसने आहेत की घरातला हिस्सा आहे, यांतलं एक ठरवा आणि जे ठरलं तेच लिहा, बँकेसाठीही तेच. उसने असतील तर बँकेला उसने सांगा. कर्ज दोन-तीन लाखांनी कमी मिळेल, मिळू दे. घर सहा महिने लांबेल, लांबू दे. कागद अर्ध्या पानाचा पुरतो: कुणी, कुणाला, किती, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यातून, कधीपासून किती परत, आणि दोघांच्या सह्या. परतफेडीची तारीख ठरली नसेल तर पैसे दिल्यापासून ३ वर्षांत दाव्याची मुदत संपते. ती संपण्याआधी घेणाऱ्यानं ‘एवढे देणं आहे’ असं लिहून सही करून दिलं की मुदत नव्यानं सुरू होते. ताईनं हे मागायचं नसतं, भावानं आपणहून न्यायचं असतं.

त्या भावाला मी फोन केला होता. त्याच्या घरीही गेलो. त्यानं ऐकून घेतलं, चहा दिला. पुढच्या दोन वर्षांत ताईच्या खात्यात अडीच लाख आले. उरलेल्या दीड लाखाचा विषय आता दोघंही काढत नाहीत.