सव्वीस किलोंचा चॅनेल कॅटफिश

अमेरिकेतील साउथ कॅरोलायना राज्यात, सँटी-कूपर जलाशयात, ७ जुलै १९६४ रोजी गळाला लागलेला एक चॅनेल कॅटफिश काट्यावर ५८ पौंड, म्हणजे सुमारे २६.३ किलो भरला. गळाने पकडलेल्या या जातीच्या माशांतील सर्वांत वजनदार मासा म्हणून इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशनच्या नोंदीत आजही तोच आहे. दरम्यान साठ वर्षे उलटली, दोर मजबूत झाले, पाण्याखालचे मासे दाखवणारी यंत्रे लहान होड्यांवर आली, गळ टाकणाऱ्यांची संख्याही वाढली. विक्रम मात्र मोडला गेला नाही. नद्यांतून आणि तलावांतून नेहमी मिळणारा चॅनेल कॅटफिश एक-दोन किलोंचा असतो आणि नऊ किलोंच्या वरचा मासा बहुतेक ठिकाणी चर्चेचा विषय होतो, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे वेगळेपण कळते.

हा मासा ओळखावा कसा, हे आधी पाहिले पाहिजे. इक्टाल्युरस पंक्टेटस या शास्त्रीय नावातील दुसरा शब्द अंगावरील ठिपक्यांवरून आला असला, तरी ठिपके ही भरवशाची खूण नाही, कारण वय वाढते तसे ते पुसट होत जातात आणि विणीच्या काळात नराचे डोके फुगून अंग इतके काळसर निळे होते की तो आपल्याच नात्यातील ब्लू कॅटफिशसारखा दिसू लागतो. दोन्ही माशांची शेपटी खोलवर दुभंगलेली असते, त्यामुळे तिचाही उपयोग नाही. खरी खूण पोटाखाली, गुदपरात, म्हणजे गुदद्वाराच्या मागे असलेल्या परात आहे. चॅनेल कॅटफिशच्या या पराची कड गोलसर असते आणि त्यात साधारण २४ ते २९ काड्या असतात, तर ब्लू कॅटफिशच्या पराची कड सरळ असून त्यात तीस किंवा त्याहून अधिक काड्या भरतात. मोठ्या चॅनेल कॅटफिशविषयीच्या दाव्यांवरून जे वाद होतात, त्यांतील बरेचसे कोणी तरी या काड्या शांतपणे मोजल्या असत्या तर उद्भवलेच नसते, असे आमचे मत आहे.

इतका मोठा मासा सँटी-कूपरमध्येच का सापडला असावा, याचा विचार करताना त्या जलाशयाचा इतिहास पाहावा लागतो. सँटी नदी अडवून आणि तिचे पाणी कूपर नदीकडे वळवून १९४०च्या दशकाच्या आरंभी लेक मॅरियन आणि लेक मोल्ट्री ही जोड सरोवरे तयार झाली. दुसऱ्या महायुद्धाच्या घाईत बुडीत क्षेत्रातील सगळे जंगल तोडून झाले नाही, आणि लेक मॅरियनमध्ये हजारो झाडे उभीच पाण्याखाली गेली. नव्याने भरलेल्या धरणात पहिली काही वर्षे बुडालेल्या वनस्पती आणि माती यांतून भरपूर पोषक द्रव्ये पाण्यात उतरतात, त्यांवर किड्यांच्या अळ्या आणि बारीक मासे वाढतात, आणि मोठ्या माशांना आयते खाद्य मिळते. शिवाय पिनोपोलिस येथील जलपाशातून, म्हणजे होड्या वरखाली नेण्यासाठी धरणात केलेल्या दारांच्या हौदातून, समुद्राकडील हेरिंग मासे सरोवरात येत, आणि तेथील हिवाळाही सौम्य असतो. पुढे साठच्या दशकाच्या मध्यास या सरोवरांत ब्लू कॅटफिश सोडण्यात आले. तो फार मोठ्या आकाराचा मासा आहे. व्हर्जिनियातील कर जलाशयात २०११ साली पकडलेला ब्लू कॅटफिश १४३ पौंड, म्हणजे जवळपास ६५ किलोंचा होता. त्याच खाद्यावर असा वाटेकरी आल्यावर चॅनेल कॅटफिशने तेथे पुन्हा तेवढी वाढ गाठणे अवघड झाले असावे, असे मानायला जागा आहे.

वाढीसाठी अन्न आधी सापडावे लागते, आणि गढूळ पाण्यात अन्न शोधण्याची या माशाची साधने हा त्याच्या जीवशास्त्रातील सर्वांत रंजक भाग आहे. त्याच्या तोंडाभोवती आठ मिशा असतात: दोन नाकपुड्यांजवळ, दोन वरच्या जबड्याच्या कोपऱ्यांत आणि चार हनुवटीखाली. या मिशांवर स्वादकलिका दाटीने असतातच, पण त्या ओठांवर, कल्ल्यांत, परांवर आणि थेट शेपटीपर्यंत कातडीवरही पसरलेल्या असतात, म्हणजे हा मासा सगळ्या अंगाने चव घेतो. अमेरिकी शास्त्रज्ञ जॉन कॅप्रियो यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या संशोधनात असे दिसले, की याच्या मिशांतील चेतातंतू ॲलनीनसारख्या अमिनो आम्लांना विलक्षण विरळ द्रावणातही प्रतिसाद देतात. मेलेल्या माशातून किंवा चिरडलेल्या गोगलगायीतून पाण्यात झिरपतात ती नेमकी हीच द्रव्ये. चवीच्या जोडीला ऐकण्याची सोय आहे: वाताशयापासून, म्हणजे पोटातील हवेच्या पिशवीपासून, अंतर्कर्णापर्यंत बारीक हाडांची साखळी असते आणि वाताशयावर उमटलेली ध्वनीची कंपने ती कानाकडे पोहोचवते. कातडीतील सूक्ष्म संवेदक सजीवांच्या शरीराभोवतीचे क्षीण विद्युतक्षेत्रही टिपतात, त्यामुळे चिखलात दडलेले भक्ष्य काळोखातही निसटत नाही.

अंगावर खवले मात्र नाहीत. या जातीचा जनुकसंच २०१६ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा खवल्यांचे खनिजीकरण करणाऱ्या प्रथिनांची काही जनुके त्यात हरवलेली आढळली. संरक्षणाचे काम पाठीवरच्या आणि छातीच्या परांतील ताठ काटे करतात. ते उभे करून सांध्यात अडकवून ठेवता येतात, त्यामुळे गिळू पाहणाऱ्याच्या घशात ते आडवे येतात, आणि त्यांवरील आवरणात सौम्य विष असते. कोकणात शिंगाळा हाताळणाऱ्यांना अशा काट्याची ठणक निराळी सांगायला नको.

पिल्ले पाण्यातील किड्यांवर जगतात. मासा मोठा होतो तसे खाण्यात झिंगे, गोगलगायी आणि इतर मासे येऊ लागतात. पण हा निव्वळ मांसाहारी नाही. मिसिसिपी नदीच्या पूरमैदानात पाणी झाडांखाली शिरले की तो गळून पडलेली तुतीची फळे खातो, आणि त्याच्या पोटातून बाहेर पडलेल्या बिया रुजतात, हे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले आहे. ॲमेझॉनच्या खोऱ्यात माशांकडून होणारा बीजप्रसार बऱ्याच काळापासून ज्ञात आहे. समशीतोष्ण प्रदेशातील नदीत तो आढळावा, ही बाब अधिक लक्षवेधी वाटते.

पाण्याचे तापमान २१ अंश सेल्सिअसच्या वर गेले की वीण सुरू होते. २७ अंशांच्या आसपासचे पाणी तिला सर्वांत मानवते. नर काठाखालची कपार, पोकळ ओंडका किंवा बिळासारखी जागा निवडून साफ करतो. मादी तेथे चिकट पिवळसर अंड्यांचा एकच पुंजका घालते. तिच्या वजनाच्या दर किलोमागे साधारण सहा ते आठ हजार अंडी, असा अंदाज धरतात. यानंतर नर तिला हुसकावून लावतो आणि एकटाच राखण करतो. परांनी आणि शेपटीने वारा घातल्यासारखे पाणी ढवळत तो पुंजक्यात प्राणवायू खेळता ठेवतो. आठवडाभरात, पाणी थंड असल्यास थोड्या उशिरा, पिल्ले बाहेर येतात. या काळात नराला त्रास झाला, तर तो स्वतःचीच अंडी खाऊन टाकतो. मत्स्यशेती करणारे म्हणूनच तळ्यात ठेवलेल्या डब्यांतून पुंजके उचलून हॅचरीत नेतात आणि तेथे फिरत्या पात्यांनी पाणी हलवतात. मिसिसिपी, अलाबामा आणि आर्कान्सा या राज्यांतील मोठा व्यवसाय याच पद्धतीवर उभा राहिला. त्या तळ्यांतील मासा विक्रीला जातो तो साधारण दीड-दोन वर्षांचा आणि किलोच्या आतबाहेरचा असतो.

आकार आणि वय यांचा संबंध सर्वत्र सारखा नसतो. छातीच्या काट्याचा पातळ काप किंवा कानातील खडा सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की झाडाच्या खोडासारखी वर्षागणिक वलये मोजता येतात. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात, या जातीच्या प्रदेशाच्या उत्तर टोकाला, रेड नदीत वाढीचा हंगाम अगदी तोकडा असतो. तरीही मोठ्या चॅनेल कॅटफिशसाठी ही नदी उत्तर अमेरिकेत सर्वांत प्रसिद्ध आहे. तेथे नऊ-दहा किलोंचा मासा वीस वर्षांचा किंवा त्याहूनही वयस्क निघू शकतो, म्हणजे असा एक मासा काढला तर त्याची जागा भरायला दोन दशके लागतात. या नदीतील ६० सेंटीमीटरपेक्षा लांब चॅनेल कॅटफिश पाण्यात परत सोडण्याचे बंधन मॅनिटोबाने कित्येक वर्षे गळ टाकणाऱ्यांवर घातले आहे, आणि पर्यटक ज्या मोठ्या माशांसाठी तेथे येतात त्यांतले बरेचसे यापूर्वीही कोणाच्या तरी गळाला लागून सुटलेले असतात.