वहीत ज्यांचं नाव होतं

(करोनाच्या लॉकडाऊनवरच्या लघुमाहितीपटाचं निवेदन)

(दृश्य : जुना जालना, सकाळ. अरुंद गल्ली. ओट्यांवर पाण्याचे निळे ड्रम.)

जालन्यात नळाला पाणी रोज येत नाही. आठवड्यानं आलं तरी लोक म्हणतात, चला, आलं तर खरं. २०१२-१३ च्या दुष्काळात या शहरानं कित्येक महिने टँकरवर काढले. त्या दिवसांत गल्लीला एकमेकांच्या घरातलं सगळं ठाऊक झालं. कुणाचा हौद मोठा आहे, कुणाच्या बोअरला मे महिन्यातही धार टिकते, कुणाकडे मोटार आहे पण पाइप आखूड पडतो, कोणत्या घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे म्हणून दोन हंडे जास्त लागतात. टँकर आला की हंड्यांची रांग लागायची. बाळंतिणीच्या घरचा हंडा पुढे सरकवायचा, हे कुणाला सांगावं लागत नव्हतं.

लॉकडाऊनच्या गोष्टीत पाणी कशाला, असं वाटेल. पण आम्ही ज्या गल्लीत कॅमेरा घेऊन गेलो, तिथं ज्याला विचारावं तो आधी टँकरचीच आठवण काढतो. एक आजी म्हणाल्या, "करोनात काय नवीन शिकलो नाही बाबा. मागायची लाज दुष्काळातच मोडली होती."

(दृश्य : रिकामा रस्ता, बंद शटर. मोबाइलवर काढलेली २०२० ची चित्रफीत.)

२२ मार्च २०२०, रविवार. जनता कर्फ्यू. संध्याकाळी पाच वाजता लोकांनी ओट्यावर येऊन थाळ्या वाजवल्या. सोमवारी राज्यात संचारबंदी लागली. मंगळवारी रात्री देशभर २१ दिवसांचा लॉकडाऊन जाहीर झाला, आणि बुधवारी उजाडला तो गुढीपाडवा.

कडुनिंब दारातच होता. साखरेच्या गाठी मात्र कुणी आणल्या नव्हत्या. शेवटच्या दोन दिवसांत आणू म्हणत सगळे राहून गेले होते. एका घरी तेवढी एक माळ आलेली होती. त्या काकूंनी ती सोडवली आणि एकेक पदक शेजारच्या घरांत पाठवून दिलं. त्या वर्षी गल्लीतल्या गुढ्यांना माळ नव्हती, दोऱ्यात ओवलेलं एकच पदक होतं.

ही गल्ली पगारदारांची नाही. इथं शिंपी आहेत, रिक्षावाले आहेत, मोंढ्यातले, म्हणजे धान्यबाजारातले, हमाल आहेत, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या बाया आहेत. बँडवाले आहेत, मंडपवाले आहेत. लग्नसराईचे दोन महिने म्हणजे यातल्या निम्म्या लोकांची वर्षाची कमाई. पाडव्यानंतर ज्यांच्या सुपाऱ्या ठरल्या होत्या, त्यांचे फोन एकामागोमाग आले. लग्न पुढं ढकललंय. इसार परत द्या.

(दृश्य : किराणा दुकान. गल्ल्याशेजारी लाल कापडी बांधणीची लांबट वही.)

आता ही वही बघा. उधारीची. कॅमेऱ्यापुढे ती उघडायला दुकानदार काका सुरुवातीला तयार नव्हते. लोकांची अब्रू आहे यात, म्हणाले. म्हणून आम्ही आकडे झाकून फक्त नावं दाखवतो आहोत, आणि नावं तरी कसली! 'पिंपळाखालची मावशी'. 'टेलर चाचा'. 'रिक्षा, हिरवं दार'. 'बँडवाले थोरले'. 'बँडवाले धाकटे'. ज्याचं नाव वहीत आहे, त्याच्या घरात माणसं किती, तेल किती लागतं, चहापत्ती कधी संपते, मुलाला बिस्किटाचा कोणता पुडा लागतो, हे काकांना पाठ.

दुकान सकाळी थोडा वेळ उघडायचं. होलसेलचा माल येईना. तेव्हा काकांनी एक केलं. साखर, तेल, डाळ एका घराला एका वेळी किती द्यायची ते ठरवून टाकलं. रोख पैसे देणाऱ्यालाही तेवढंच. यावर भांडणं झाली. एकजण पाचशेची नोट नाचवून गेला. काकांनी दिली नाही साखर. आणि उधारी?

"उधारी थांबवून काय करू?" काका म्हणतात. "माणूस राहिला तर वसूल होईल. आणि नाही झाली काहींची. अजून आहे. विचारत नाही मी."

वहीत कुणाचं पान पंधरा दिवस कोरं राहिलं, तर काकांना काळजी लागायची. उधारी मागायचीही हिंमत उरली नाही की माणूस दुकानाकडे फिरकणं सोडतो. मग काका मुलाच्या हातून पिशवी पाठवायचे आणि निरोप द्यायचे, "मागच्या वेळचं राहिलं होतं तुमचं." राहिलेलं काहीच नसायचं. मदत करावी कशी, हे मला या एका वाक्यात फार नेमकं दिसलं. त्या दिवसांत वाटपाचे फोटो गावोगाव फिरत होते. पाच किलोच्या पिशवीला सहा हात लागलेले, आणि घेणाऱ्याची मान खाली. या गल्लीतल्या पिशवीचा एकही फोटो नाही. त्यामुळे आमच्या माहितीपटात तो प्रसंग दाखवायला काही नाही, आणि ते बरंच आहे.

(दृश्य : गिरणी. पट्ट्याचा आवाज. डब्यांची रांग.)

एप्रिलपासून केंद्राच्या योजनेतून रेशनवर माणशी ५ किलो तांदूळ फुकट मिळू लागला. पण मराठवाड्यातलं घर भाकरीवर चालतं. सहा माणसांच्या घरात महिन्याला ३० किलो तांदूळ आला आणि पीठ संपलं, अशी गत. दुसरीकडे, ज्यांची गावाकडे थोडीफार शेती, त्यांच्या घरी फाल्गुनात काढलेल्या शाळू ज्वारीची पोती नुकतीच येऊन पडलेली. गिरणीवाल्याच्या ओट्यावर मग अदलाबदल सुरू झाली. तांदूळ द्या, ज्वारी न्या. किलोला किलो नव्हे हं. ज्वारी महाग, तांदूळ फुकटचा. पण भाव कसा ठरायचा? गिरणीवालीण मावशी ठरवायच्या. ज्याच्या घरी लेकरं जास्त, त्याला किलोला किलो. ज्याचं बरं चाललंय, त्यानं दीड किलो तांदूळ द्यायचा. अर्थशास्त्राच्या पुस्तकात हे बसणार नाही. गिरणीवर बसलं. तक्रार कुणी केली नाही, कारण मावशींना सगळ्यांच्या घरचं माहीत आहे हे सगळ्यांना माहीत होतं.

औषधांचं काम दोन पोरांकडे आलं. बीपी-शुगरच्या गोळ्यांची रिकामी पाकिटं चिठ्ठीसह एका पिशवीत गोळा व्हायची, आणि ज्याच्याकडे पास होता तो मोटारसायकलवर जाऊन घेऊन यायचा. शिवभोजन थाळी १० रुपयांवरून ५ रुपयांवर आली, तिचाही एकट्या माणसांना मोठा आधार झाला. १४ एप्रिलची जयंती घराघरांत झाली. मिरवणुकीसाठी जमलेल्या वर्गणीतून पोरांनी धान्याच्या पिशव्या भरल्या, आणि संध्याकाळी प्रत्येक उंबऱ्यावर पणत्या लागल्या.

हे सगळं ऐकताना गल्ली फार गोड वाटू लागते. ती तशी नव्हती, आणि तशी दाखवणं खोटं ठरेल.

(दृश्य : भाजीचा हातगाडा.)

एप्रिलच्या सुरुवातीला दिल्लीतल्या तबलिगी जमातीच्या मरकजमध्ये करोना पसरल्याच्या बातम्या आल्या. पाठोपाठ मोबाइलवर नको नको ते व्हिडिओ आले. वीस वर्षं याच गल्लीत भाजी विकणाऱ्या चाचांना एका सकाळी कुणीतरी पुढं जायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी आणखी दोन दारं बंद राहिली. गाडा भरलेला, मेथी उन्हानं मान टाकलेली. चाचा काही बोलले नाहीत. गाडा वळवला.

चार दारं सोडून राहणाऱ्या एका शिक्षिका बाई खाली उतरल्या, भर गल्लीत त्यांनी गाडा थांबवला आणि सावकाश, एकेक जुडी बघत भाजी घेतली. नेहमीसारखी घासाघीसही केली. "मुद्दाम केली," त्या सांगतात. "फुकट कणव दाखवली असती तर चाचांना जास्त लागलं असतं." मग एक दार उघडलं. मग दुसरं. सगळी उघडली नाहीत. ज्या घरांनी त्या दिवसांत तोंड फिरवलं, त्यातली काही माणसं आजही चाचांशी बोलताना नजर चुकवतात.

२५ एप्रिलला रमजान सुरू झाला. मशिदी बंद, तरावीह घरातच. कलिंगडाचा हंगाम होता. बाजार बंद म्हणून शेतकरी टेम्पो भरून थेट गल्ल्यांत यायचे आणि मिळेल त्या भावात माल द्यायचे. गल्लीनं एका टेम्पोवाल्याला बांधून घेतलं. इफ्तारला कलिंगड हवंच, आणि त्यालाही माल नदीत फेकायची वेळ आली नाही.

त्याच सुमाराला ऊसतोडीला गेलेली माणसं परतू लागली होती. बीड-जालन्याकडची लाखाहून अधिक माणसं पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांवर अडकून पडली होती. एप्रिलच्या मध्यावर सरकारनं परवानगी दिली. काही गावांनी वेशीवर बाभळीच्या काट्या टाकल्या होत्या. आपल्याच लेकराला गावात घ्यायचं की नाही, यावर पंचायती बसल्या. बऱ्याच जणांनी तोडगा काढला तो आखाड्याचा, म्हणजे शेतातल्या खोपटाचा. चौदा दिवस आखाड्यावर राहायचं, बांधावर डबा ठेवून जायचा.

(दृश्य : रेल्वेचे रूळ. संगीत नाही.)

७ मेच्या संध्याकाळी जालन्यातून २० मजूर पायी निघाले. इथल्या पोलाद कारखान्यात काम करणारे, मध्य प्रदेशातल्या शहडोल आणि उमरिया जिल्ह्यांतले. भुसावळहून गावाकडे जाणारी गाडी मिळेल अशी त्यांना आशा होती. रुळांच्या कडेनं रात्रभर चालले. करमाडजवळ दमून काहीजण रुळांवरच आडवे झाले. गाड्या बंद आहेत असं त्यांना वाटलं. ८ मेच्या पहाटे मालगाडी आली. १६ जण गेले. रुळांवर विखुरलेल्या चपात्यांचं छायाचित्र देशानं पाहिलं.

जालन्यानंही पाहिलं. आणि या गल्लीत त्या दिवशी जे बोललं गेलं, ते आम्हाला प्रत्येकानं वेगवेगळ्या शब्दांत सांगितलं. टेलर चाचा म्हणाले, "ते आपल्याच गावात होते की. कुठं राहायचे, काय खायचे, आम्हाला काहीच माहीत नव्हतं."

औद्योगिक वसाहतीकडे जेवणाची पाकिटं नेणारी माणसं शहरात होती, हे खरं आहे. पण गल्लीची मदत ओळखीच्या वाटेनं चालते. वहीत नाव, टँकरच्या रांगेत हंडा, भिशीत वाटा, रेशनकार्डावर इथला पत्ता. यातलं काहीच ज्याच्याकडे नाही, त्याच्या दारापर्यंत ती वाट जात नव्हती.

लांब कशाला, याच गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या दोन खोल्या आहेत. त्यात बिहारचे फरशी बसवणारे सातजण भाड्यानं राहत होते. दुकानात यायचे, माल घ्यायचे, रोख पैसे द्यायचे. रोखीनं घेणाऱ्याचं नाव वहीत येत नाही. पैसे संपले तसं त्यांनी येणं सोडलं, आणि काकांना ते कळलं नाही, कारण कोरं पडायला त्यांचं पानच नव्हतं.

८ मेच्या दुपारी गिरणीवाल्या मावशी स्वतः त्या खोल्यांवर गेल्या. आत चूल थंड होती. पोरं तांदळात मीठ घालून दिवसाला एकदा जेवत होती. मावशींना हिंदी नीट येत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "भाकर खाते क्या तुम लोग?"

पुढच्या पंधरा दिवसांत गल्लीनं जे केलं, त्यात दया कमी आणि घाई जास्त होती. कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीनं सातजणांचे श्रमिक गाडीचे अर्ज मोबाइलवर भरले. ओटीपी यायचा एकाच फोनवर, रेंज यायची गच्चीवर, म्हणून सगळे गच्चीवर. डॉक्टरचा दाखला, आधारची प्रत, पोलीस ठाण्यातली नोंद. गाडीचा निरोप आला तेव्हा चार घरांनी मिळून दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि कांदे बांधून दिले. दशम्या दुधात भिजवलेल्या असतात, दोन-तीन दिवस टिकतात. प्रवास लांबचा.

(दृश्य : २०२१. गल्लीच्या तोंडाशी बांबू बांधलेला.)

दुसरी लाट आली ती घरात शिरूनच. १४ एप्रिल २०२१ च्या रात्री ८ पासून पुन्हा संचारबंदी. पहिल्या वर्षी भुकेची भीती होती, आता श्वासाची. कारखान्यांचा ऑक्सिजन दवाखान्यांकडे वळवला गेला, तरी बेडसाठी रात्र-रात्र फोन चालायचे. गल्लीत एकच ऑक्सिमीटर होता. तो सॅनिटायझरनं पुसून घरोघरी फिरायचा आणि आकडे एका कागदावर लिहिले जायचे. ९४ च्या खाली आला की शिक्षिका बाईंना फोन. दवाखान्यात पेशंटजवळ थांबलेल्या नातेवाइकांचे डबे भाजीच्या गाड्यावरून जायचे. चाचांकडे गाड्याचा पास होता.

त्या उन्हाळ्यात या गल्लीतली पाच माणसं गेली. त्यात पिंपळाखालच्या मावशी होत्या. त्यांचं वहीतलं पान काकांनी फाडलं नाही, बाकीही काढली नाही.

टोकाच्या खोल्यांत आता दुसरे भाडेकरू आहेत, ओडिशाकडचे. प्लंबिंगचं काम करतात, रोखीनं माल घेतात. तरी वहीच्या शेवटी त्यांचं पान आहे. त्यावर हिशेब नाही. चौघांची नावं, गावाकडचा फोन नंबर, मालकाचा नंबर आणि एकाला शुगर आहे ही नोंद. आम्ही चित्रीकरण करत होतो तेव्हा त्यांच्यातला सगळ्यात लहान मुलगा साबण घ्यायला आला. काकांनी आधी विचारलं, "परवा दिसला नाहीस?"

"नाइट था, चाचा," तो म्हणाला.

काकांनी साबण दिला, पैसे घेतले आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळले.